लसीकरण कार्डावर दिवसही लिहा: सोलापूरच्या आरोग्य विभागांना खुले पत्र

प्रति,
मा. आरोग्य अधिकारी, सोलापूर महानगरपालिका,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, सोलापूर,
तसेच शहरातील आणि अकराही तालुक्यांतील खासगी डॉक्टर बंधुभगिनी,

सप्रेम नमस्कार.

बाळाच्या दंडावर फोड आला, मांडीला गाठ लागली, अंगभर पुरळ उठले, की घरात पहिला प्रश्न येतो: लस बाधली का? हा प्रश्न घेऊन आई आधी शेजारच्या आजींकडे जाते, मग औषधाच्या दुकानात, मग आशाताईंकडे आणि शेवटी दवाखान्यात. तोवर फोडाला हळद लागलेली असते, मांडी शेकून झालेली असते, अर्धी बाटली अँटिबायोटिक पोटात गेलेले असते. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे पुढचा डोस नको, असे घरात ठरून गेलेले असते.

आम्ही सोलापुरात बालरोग, त्वचारोग आणि लसीकरण या कामांत असलेले काही डॉक्टर आणि परिचारिका आहोत. आमची मुख्य मागणी एक आहे. लस टोचल्यावर कार्डावर पुढच्या डोसची तारीख लिहिली जाते, तशीच 'अंगावर काय दिसेल आणि कितव्या दिवशी दिसेल' ही ओळही लिहून द्यावी. आणि अशी तक्रार घेऊन कोणी आले की पुरळाकडे बघण्याआधी कार्ड मागून दिवस मोजावेत.

लशीनंतर त्वचेवर जे उठते त्याला वेळापत्रक असते. पहिल्या तासाभरात अंगावर गांधी उठल्या तर ती ॲलर्जी असू शकते. त्याच संध्याकाळी मांडी सुजली तर ती नेहमीची सूज. आठवड्याभराने अंगावर बारीक पुरळ आले आणि लस गोवर-रुबेलाची होती, तर ते लशीतल्या दुबळ्या केलेल्या विषाणूचे. महिन्या-दीड महिन्याने दंडावरचा फोड पिकला, तर बीसीजी (क्षयाची लस) आपले काम करते आहे. तीन-चार महिन्यांनी काखेत गाठ आली, तर तिचाही धागा बीसीजीपर्यंत जाऊ शकतो. पण तेच पुरळ गोवराच्या लशीच्या दुसऱ्याच दिवशी आले, किंवा बीसीजीचा फोड तिसऱ्याच दिवशी टरारला, तर अर्थ पार बदलतो. केसपेपरवर 'लशीनंतर पुरळ' एवढेच लिहिले तर ही सगळी माहिती हातची जाते.

सुरुवात बीसीजीपासून करतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे. ही लस डाव्या दंडावर, कातडीच्या आतल्या थरात देतात. एक महिन्यापर्यंतच्या बाळाला ०.०५ मिली, त्यानंतर वर्षापर्यंत ०.१ मिली. सुई कातडीला जवळजवळ आडवी धरून, तिचे तिरपे तोंड वर ठेवून टोचली आणि लस बरोबर थरात गेली, तर दट्ट्या ढकलताना हाताला अडथळा जाणवतो आणि संत्र्याच्या सालीसारखा बारीक खड्ड्यांचा पांढुरका फुगवटा उठतो. तो अर्ध्या तासात बसतो. अडथळा जाणवला नाही, फुगवटा आला नाही, म्हणजे सुई खोल गेली. अशा बाळाला पुढे मोठे गळू किंवा काखेत गाठ होण्याची शक्यता वाढते. नवजात बाळाला चुकून ०.१ मिली दिली तरी तेच होते. टोचण्याच्या जागी स्पिरिट लावू नये, कारण लशीतले जिवंत जंतू त्याने मरू शकतात. जागा मळकट असेल तर स्वच्छ पाण्याने पुसून कोरडी होऊ द्यावी.

नंतर दोन-तीन आठवडे काहीच दिसत नाही. मग त्या जागी बारीक लालसर पुटकुळी येते, पाचव्या-सहाव्या आठवड्यापर्यंत ४ ते ८ मिलिमीटरची होते, मऊ पडते, फुटते, थोडा पू येतो, खपली धरते, खपली पडते, पुन्हा धरते. सहा ते बारा आठवड्यांत जागा भरते आणि बारीक खोलगट व्रण उरतो. यावर करायचे काहीच नसते. मलम नको, पावडर नको, चिकटपट्टी नको. आंघोळ नेहमीसारखी घालावी, जागा टिपून कोरडी करावी, सैल सुती झबले घालावे. झबल्याला डाग पडतात म्हणून वाटलेच तर कोरडी जाळीदार पट्टी नुसती ठेवावी, घट्ट बांधू नये. फोड दाबून पू काढू नये. आपल्या पूर्व भागात घरोघरी विड्या वळल्या जातात. विड्या वळून उठलेल्या हाताने बाळाचा दंड धरण्याआधी हात साबणाने धुवावेत, हे आशाताईंनी त्या घरांत मुद्दाम सांगायला हवे.

आता एक जुळणी लक्षात घ्या. बीसीजीचा फोड पिकतो तो सहाव्या आठवड्याच्या आसपास. दीड महिन्याचा डोस, म्हणजे पेंटाव्हॅलंटचे (पाच रोगांवरच्या एकत्रित लशीचे, थोडक्यात पेंटाचे) पहिले इंजेक्शन, तेही सहाव्या आठवड्यातच. पेंटाने त्या रात्री ताप येतो. तापलेल्या बाळाचे कपडे काढले की दंडावर पू दिसतो. घरच्यांनाच काय, घाईत तपासणाऱ्या डॉक्टरलाही वाटते की फोडात जंतुसंसर्ग झाला आणि त्याचाच ताप आहे. अँटिबायोटिक सुरू होते, दोन दिवसांत ताप उतरतो (तो तसाही उतरणारच होता), आणि फोड औषधाने बरा झाला असा समज पक्का होतो. कार्डावर 'बीसीजीचा फोड पाचव्या-सहाव्या आठवड्यात पिकेल, औषध नको' असे जन्माच्या वेळीच लिहिलेले असेल, तर ही साखळी पहिल्याच कडीला तुटते. त्याच दिवशी उजव्या दंडावर आयपीव्हीचा (पोलिओच्या इंजेक्शनच्या लशीचा) ०.१ मिलीचा कातडीतला डोसही असतो. त्याचाही फुगवटा येतो, पण तो पिकत नाही. म्हणून डावा दंड की उजवा हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

बीसीजीच्या बाजूच्या काखेत गाठ येते ती बहुतेक दोन ते सहा महिन्यांच्या दरम्यान. आपल्याकडे तिला काखमांजरी म्हणून मोकळे होतात, आणि काखमांजरी म्हटले की चिरा आलाच. इथे चिरा देऊ नका, अशी आमची सर्जन आणि फॅमिली डॉक्टरांना हात जोडून विनंती आहे. या गाठीला चीर दिली तर जखम भरत नाही, महिनोन्‌महिने वाहत राहते. गाठ टणक असेल, हलत असेल, वरची कातडी नेहमीसारखी असेल, बाळ खेळते-पिते असेल, तर तारीख आणि आकार लिहून ठेवून महिन्याने पुन्हा बघावे; ती हळूहळू विरते. गाठ मऊ पडली, वरची कातडी पातळ आणि काळसर-लाल झाली, तर जाड सुईने पू ओढून काढावा. सुई गाठीच्या माथ्यातून न घालता बाजूच्या निरोगी कातडीतून घालावी. क्षयाची औषधे दिल्याने ही गाठ लवकर बरी होत नाही. त्यांतले पायराझिनामाइड तर बीसीजीच्या जंतूवर मुळातच चालत नाही. बाळाला पित्त, कावीळ होण्याचा धोका मात्र घरात आणला जातो.

काळजी कशाची करावी तेही सांगतो. फोड दहा दिवसांच्या आतच मोठा झाला तर बाळाला किंवा घरात कोणाला आधीपासून क्षय आहे का, हे तपासावे. बारा आठवड्यांनंतरही जखम पसरतच असेल, वजन वाढत नसेल, तोंडात पांढरी बुरशी वारंवार येत असेल, तर प्रतिकारशक्तीच्या जन्मजात दोषाची किंवा एचआयव्हीची शंका घ्यावी आणि बाळाला वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवावे. आणखी एक खूण फार थोडे लोक बघतात. लस घेऊन काही महिने झालेले बाळ, पाच दिवस न उतरणारा ताप, लाल डोळे, फुटलेले ओठ, आणि बरा झालेला बीसीजीचा व्रण अचानक लाल होऊन फुगलेला: हा कावासाकी आजार असू शकतो. त्यात हृदयाच्या रक्तवाहिन्या फुगतात, त्यामुळे एक दिवसही थांबायला नको. तापाच्या बाळाचा डावा दंड बघायला पाच सेकंद लागतात.

व्रण उठलाच नाही म्हणून बीसीजी पुन्हा द्यायची नसते. आणि व्रणाची जागा फिकी राहिली म्हणून ते कोड नव्हे. हा प्रश्न आया खालच्या आवाजात विचारतात. उत्तर मोठ्याने आणि स्पष्ट द्यावे.

आता मांडीकडे. पेंटा डाव्या मांडीत, न्यूमोकोकल लस उजव्या मांडीत, दोन्ही ०.५ मिली, मांडीच्या मधल्या भागात बाहेरच्या बाजूने, सुई सरळ आत. पेंटामधल्या डांग्या खोकल्याच्या घटकामुळे जवळपास निम्म्या बाळांना त्या दिवशी सूज, दुखरेपणा, गरमपणा येतो. दोन-तीन दिवसांत तो जातो. मागे वाटाण्याएवढी, न दुखणारी गाठ काही आठवडे राहते. लशीत ॲल्युमिनियमचा क्षार असतो, लस स्नायूत धरून ठेवायला तो घातलेला असतो; त्याभोवती ही गाठ होते. सुई स्नायूपर्यंत न पोहोचता चरबीतच राहिली तर गाठ मोठी होते आणि जास्त दिवस टिकते, म्हणून २५ मिलिमीटरची सुई पूर्ण आत जायला हवी. ही गाठ ज्या कारणाने सर्वांत जास्त चिघळते ते मालिश. बाळाला पायांवर आडवे घेऊन तेल लावणारी बाई अंगठ्याने ती गाठ 'फोडायचा' प्रयत्न करते. दुसऱ्या दिवशी मांडी दुप्पट झालेली असते. पहिले आठ दिवस त्या जागेवर अंगठा लावायचा नाही, बाकीच्या अंगाला तेल खुशाल लावा, असे आईला सांगा. 'मालिश बंद' म्हटले तर आजी ऐकत नाहीत, आणि त्याची गरजही नाही. तव्यावर गरम केलेल्या फडक्याने शेकायचे नाही, बाळाची कातडी भाजते. बर्फ थेट लावायचा नाही. माठातल्या पाण्यात बुडवून पिळलेली स्वच्छ घडी दहा मिनिटे ठेवली की पुरते.

तापाच्या औषधात होणारी चूकही इथेच सांगून टाकतो. पॅरासिटामॉल किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, गरज पडली तर सहा तासांनी पुन्हा, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. बाजारात थेंबांची बाटली १ मिलीत १०० मिलिग्रॅमची असते आणि पातळ औषधाची ५ मिलीत १२५ किंवा २५० मिलिग्रॅमची. पाच किलोच्या बाळाला थेंबांचे अर्धा ते पाऊण मिली, किंवा १२५च्या पातळ औषधाचे २ ते ३ मिली. शेजारणीने सांगितले म्हणून थेंबांच्या बाटलीतून अडीच मिली पाजले, तर बाळाच्या पोटात २५० मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे ५० मिलिग्रॅम जातात. चिठ्ठीवर फक्त 'अडीच मिली' लिहू नका, बाटली कोणती तेही लिहा.

दीड वर्षाच्या किंवा पाच वर्षांच्या त्रिगुणी (घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वात) बूस्टरनंतर कधी कधी अख्खी मांडी किंवा खांद्यापासून कोपरापर्यंतचा हात सुजतो. दिसायला भयंकर, पण मूल त्या मानाने खुशाल असते, चालते-खेळते. ही सूज पहिल्या दोन दिवसांत येते आणि चार ते सात दिवसांत ओसरते. तिला सेल्युलायटिस (कातडीखालचा जंतुसंसर्ग) समजून सलाईन लावून ॲडमिट करण्याची गरज नसते. खरे गळू वेगळे: सूज दिवसागणिक वाढते, ठणकते, मधोमध मऊ पडते, ताप पुन्हा चढतो. त्यातला पू तपासायला पाठवावा. आणि एकाच सत्रातल्या, एकाच बॅचच्या दोन बाळांना गळू झाले तर दोष बाळांमध्ये शोधू नये. कुठेतरी हात, सुई, बाटली किंवा शीतपेटी चुकली आहे. बर्फाच्या पॅकला चिकटून गोठलेली पेंटा किंवा टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस) हलवून ठेवली तर तळाला लवकर गाळ बसतो. ती दिली तर गाठही होते आणि संरक्षणही मिळत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२ अंशांवर जातो म्हणून पेटीत घट्ट गोठलेले पॅक कोंबण्याचा मोह होतो. पॅक कानाशी हलवून आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की मगच पेटीत ठेवावेत.

'लाल होणे' हा शब्दही आमच्या मते पत्रकांतून बदलायला हवा. सावळ्या, काळ्या कातडीवर लाली दिसतच नाही. तिथे कातडी ताणून चमकते, जांभळट-काळसर होते, हाताच्या पाठीला गरम लागते. दोन्ही मांड्या शेजारी शेजारी ठेवून, उजेडात, आडव्या नजरेने बघितले की सूज कळते. मोबाइलवर फोटो काढायचा तर गाठीशेजारी दहा रुपयांचे नाणे ठेवावे. ते २७ मिलिमीटरचे असते, त्यामुळे आठ दिवसांनी गाठ वाढली की घटली हे अंदाजावर सोडावे लागत नाही.

नऊ महिन्यांच्या गोवर-रुबेला लशीनंतर सातव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान शंभरात साधारण पाच बाळांना बारीक पुरळ येते, सोबत थोडा ताप. दोन-तीन दिवसांत ते मावळते. बाळ खेळत असते. या पुरळापासून घरात कोणाला गोवर होत नाही. घरात गरोदर बाई असली तरी बाळाला वेगळे ठेवायचे कारण नाही. खऱ्या गोवरात आधी तीन-चार दिवस कडक ताप, नाक वाहणे, खोकला, चिकट लाल डोळे येतात. मग कानामागून पुरळ सुरू होऊन तोंडावरून खाली उतरते, मूल मलूल पडते, पुरळ जाताना कातडी काळवंडते. लस दिल्यावर पहिल्या तीन दिवसांत पुरळ आले तर ते लशीचे नसते. मूल आधीच गोवराच्या संपर्कात आले असेल, किंवा कारण दुसरेच असेल. २०२२च्या अखेरीस मुंबई, मालेगाव, भिवंडीत गोवर उसळला तेव्हा हा फरक करणे किती महत्त्वाचे असते हे राज्याने पाहिले. रक्तातली आयजीएम (ताज्या संसर्गाच्या प्रतिपिंडांची) तपासणी इथे उपयोगाची नाही, ती लशीनेही पॉझिटिव्ह येते. शंका असेल तर घशातला नमुना घेऊन विषाणूचा प्रकार तपासावा लागतो, आणि त्यासाठी नमुना पुरळाच्या पहिल्या काही दिवसांतच घ्यावा लागतो. म्हणून अशी केस खासगी दवाखान्याने त्याच दिवशी कळवावी.

एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात या सगळ्यावर घामोळ्यांचा थर चढतो. पत्र्याच्या घरात, अंगावर जाड दुपट्यात गुंडाळलेल्या बाळाच्या मानेवर, पाठीवर, काखेत टोचरे दाणे येतात आणि दोष लशीवर जातो. घामोळ्या जिथे कपडा घासतो आणि घाम साचतो तिथे येतात, तोंडाचा मधला भाग सहसा सुटतो, आणि बाळाला उघडे ठेवले की दिवसा-दोन दिवसांत विझतात.

एक पुरळ मात्र हयगय न करता बघायचे. कातडीखाली सांडल्यासारखे बारीक लाल-जांभळे ठिपके असतील तर काचेचा ग्लास त्यावर दाबा. दाबल्यावर ठिपके फिके झाले नाहीत तर ते रक्ताचे ठिपके आहेत. गोवर-रुबेला लशीनंतर सहा आठवड्यांच्या आत प्लेटलेट कमी होण्याचा प्रकार तीस-चाळीस हजारांत एखाद्या बाळात होतो. तो बहुतेक आपोआप सुधारतो, पण रक्ततपासणी त्याच दिवशी व्हायला हवी. अशा बाळाला मांडीत दुसरे इंजेक्शन टोचू नये.

पित्त उठणे, गांधी उठणे याबद्दल थोडे नेमके बोलू. लशीनंतर चार तासांच्या आत उठल्या तर लशीतल्या एखाद्या घटकाची ॲलर्जी असू शकते; जिलेटिन हा त्यातला एक. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठल्या तर कारण बहुतेक वेळा सर्दी-तापाचा विषाणू किंवा दिलेले औषध असते. नुसत्या गांधी असतील तर पित्तशामक औषध पुरते. पण गांधींसोबत आवाज बसला, दम लागला, ओठ-जीभ सुजली, उलट्या सुरू झाल्या, बाळ गळून गेले, यांपैकी काहीही असेल तर पहिले औषध ॲड्रेनॅलिन. एव्हिल (पित्तशामक) आणि स्टेरॉइडचे इंजेक्शन देऊन 'बघू' म्हणण्यात जी दहा मिनिटे जातात ती परत येत नाहीत. १ मिलीत १ मिलिग्रॅम असलेले ॲड्रेनॅलिन, किलोमागे ०.०१ मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूस स्नायूत. दहा किलोच्या मुलाला ०.१ मिली, मोठ्या माणसाला जास्तीत जास्त ०.५ मिली. मुलाला आडवे ठेवावे, पाय उंच करावेत, १०८ ला फोन करावा. सुधारणा नसेल तर डॉक्टरांनी पाच मिनिटांनी मात्रा पुन्हा द्यावी. असा प्रकार दहा लाख डोसांत एखाद-दुसरा होतो, आणि बहुधा पहिल्या अर्ध्या तासात होतो. लस दिल्यावर तीस मिनिटे बसवायचे ते यासाठी. सत्र अंगणवाडीत असो की झाडाखाली, बसायला सतरंजी, सावली आणि प्यायला पाणी नसेल तर कोणतीही आई तीस मिनिटे थांबणार नाही, त्यामुळे हा खर्च लसीकरणाचाच धरावा. शाळेतल्या दहा आणि सोळा वर्षांच्या टीडीच्या वेळी मुले घाबरून चक्कर येऊन पडतात ते वेगळे: चेहरा पांढराफटक, घाम, नाडी मंद, आडवे केले की दोन मिनिटांत शुद्धीवर, आणि अंगावर गांधी नाहीत.

मोठ्यांच्या बाबतीत एकच सांगायचे आहे. यंत्रमागावर, वर्कशॉपमध्ये लोखंड लागले की धनुर्वाताचे इंजेक्शन, अशी आपल्याकडे रीत पडली आहे. काही कामगारांना वर्षातून दोनदा ते टोचले जाते. रक्तात प्रतिपिंडे आधीच भरपूर असताना पुन्हा टोचले की चार ते बारा तासांत दंड खांद्यापासून कोपरापर्यंत सुजतो, ठणकतो, कधी जागा काळी पडते. सगळे डोस झालेले असतील तर स्वच्छ जखमेसाठी दहा वर्षे आणि मळक्या जखमेसाठी पाच वर्षे पुन्हा गरज नसते. कारखान्याच्या प्रथमोपचार वहीत शेवटच्या टीडीची तारीख लिहून ठेवली की काम झाले. याच्या उलट, कुत्रा चावल्यावर दोन्ही दंडांत कातडीत दिलेल्या रेबीजच्या लशीची जागा खाजते, लाल होते, म्हणून कोणी तिसरा-चौथा डोस सोडला तर त्याच्या जिवाशी गाठ आहे. ०, ३, ७ आणि २८ हे चारही दिवस पाळायचेच.

खरूज, गजकर्ण, इसब असलेल्या मुलाला 'आधी कातडी बरी होऊ दे, मग लस' असे सांगून परत पाठवले जाते. ही भीती देवीच्या लशीच्या काळातली आहे. देवीची लस इसब असलेल्या मुलाच्या अंगभर पसरू शकत असे, म्हणून तेव्हा ती काळजी योग्य होती. भारत १९७७ मध्ये देवीमुक्त जाहीर झाला, ती लस बंद झाली, सूचना मात्र तोंडोतोंडी राहिली. आजच्या कार्यक्रमातल्या लशी इसब असलेल्या मुलाला वेळेवर द्यायच्या, फक्त टोचायला निरोगी कातडीची जागा निवडायची.

तर आमच्या अपेक्षा. माता व बाल संरक्षण कार्डाला एक चिकटपट्टी जोडावी, तळहाताएवढी, तिच्यावर चार ओळी: बीसीजी, पेंटा, गोवर-रुबेला, त्रिगुणी बूस्टर, प्रत्येकापुढे काय दिसेल, कितव्या दिवशी, काय करायचे नाही, आणि कधी यायचे. मजकूर मराठीत तर हवाच, पूर्व भागासाठी तेलुगूत आणि अक्कलकोट, दक्षिण सोलापूरसाठी कन्नडमध्येही हवा. वाचता न येणाऱ्या आईसाठी दंड आणि मांडीचे चित्र, आणि त्याखाली दिवसांचे ठिपके. ऊसतोडीच्या टोळ्यांमधल्या बाळांना हे सर्वांत जास्त लागेल. त्यांना बीसीजी बीडकडे टोचली जाते आणि फोड माळशिरस-पंढरपूरच्या फडात पिकतो, जिथे त्यांना कोणी ओळखत नसते.

आरोग्य केंद्रातल्या नोंदवहीत त्वचेच्या प्रत्येक तक्रारीपुढे पाच गोष्टी लिहाव्यात: लस आणि बॅच, डोसची तारीख, तक्रारीची तारीख, कोणता हात-पाय, आणि मिलिमीटरमध्ये आकार. किरकोळ सूजही लिहावी, कारण दोन गळवे एकाच बॅचची आहेत हे वहीशिवाय कळत नाही. गळू, सांध्यापलीकडे गेलेली किंवा तीन दिवसांनंतरही कायम असलेली सूज, दाखल करावे लागलेले बाळ, हे चोवीस तासांत वरती कळवावे. कळवणाऱ्या सिस्टरला आधी नोटीस आणि मग चौकशी असे झाले, तर पुढच्या वेळी कोणी कळवणार नाही. कळवणाऱ्याला संरक्षण मिळेल असे लेखी परिपत्रक आपल्या दोन्ही कार्यालयांनी काढावे. खासगी डॉक्टरांना औषध-दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावरही कळवता येते.

गोवर-रुबेला आणि बीसीजीच्या कुपीत तिच्यासोबत आलेले द्रावक (डायल्युएंट) मिसळल्यावर ती चार तासांनी टाकून द्यायची, एकच बाळ उरले असले तरी. मिसळल्याची वेळ कुपीवर पेनाने लिहिलेली असावी, आणि सत्रावर भेट देणाऱ्या अधिकाऱ्याने आधी तीच बघावी.

चिकटपट्टीचा मजकूर आम्ही तयार करून, तेलुगू आणि कन्नड जाणणाऱ्या सहकाऱ्यांकडून तपासून, विनामूल्य द्यायला तयार आहोत. छपाई आणि वाटप आपण करावे. येत्या उन्हाळ्याच्या आत हे व्हावे, कारण घामोळ्या सुरू झाल्या की प्रत्येक पुरळ लशीच्या नावावर जमा होते आणि नऊ महिन्यांचे डोस मागे पडू लागतात.

कळावे.

आपले,
सोलापुरातील बालरोग, त्वचारोग व लसीकरण क्षेत्रात काम करणारे काही डॉक्टर आणि परिचारिका